फणी, ऐना, करंडा

तुळजापूरला देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओटीचं सामान मांडलेलं असतं. खण, नारळ, हळद-कुंकवाच्या पुड्या, हिरव्या बांगड्या आणि त्यांच्याबरोबर एका चिमुकल्या पिशवीत बोटभर फणी, इवलासा आरसा, छोटा करंडा. या फणीनं कुणी केस विंचरत नाही. आरशात एक डोळासुद्धा धड दिसत नाही. तरी ही पिशवी ओटीत घालायची राहिली तर बाई अर्ध्या वाटेवरून मागे फिरेल. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेल्या लोकांची रीघ आमच्या तामलवाडीवरून जाते, तेव्हा खांद्यावरच्या पिशव्यांतून किती फण्या नि किती आरसे या रस्त्यानं पुढे सरकतात ते कुणी मोजलेलं नाही. देवीला साडीचोळी द्यावी, दागिना घालावा, हे कुणालाही समजेल. पण तिला केस विंचरायचं सामानही लागतं आणि ते आपण न्यायचं असतं, हे ज्यांना इतकं साहजिक वाटतं त्यांनीच आपल्या घरातल्या त्या सामानाकडे कधी वस्तू म्हणून पाहिलं नाही, याचं मला नवल वाटत आलं आहे.

हे पुस्तक त्या सामानाविषयी आहे. जुने मुठीचे आरसे, फण्या, केसांचे ब्रश, करंडे, डब्या, हे सगळं एकत्र ठेवणाऱ्या पेट्या, आणि हे जमवणं.

जमवणाऱ्यांच्या जगात विषय नवा नाही. इंग्लंड-अमेरिकेत 'व्हॅनिटी सेट' किंवा 'ड्रेसिंग सेट' जमवणारे पुष्कळ आहेत. त्यांचा संच ठरलेला असतो: दांड्याचा आरसा, केसांचा ब्रश, कंगवा, कपडे झाडायचा ब्रश, पावडरची डबी, कधी बुटांची बटणं अडकवायचा आकडा. व्हिक्टोरिया राणीच्या अखेरच्या वर्षांपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत असे संच कारखान्यांतून निघत राहिले. सगळ्या वस्तूंच्या पाठीवर एकच नक्षी. तीच वेल, तीच पंखांची बाळं, मधल्या मोकळ्या जागेत मालकिणीच्या नावाची आद्याक्षरं. एकाच दिवशी, एकाच दुकानातून, मखमलीचं अस्तर लावलेल्या एकाच खोक्यातून ते घरी येत. म्हणून तिथल्या संग्राहकाचा पहिला प्रश्न असतो, 'संच पुरा आहे का?' कंगवा मूळचा नसेल तर किंमत उतरते. आरशाची काच बदललेली असेल तर आणखी उतरते.

हीच कसोटी आपल्याकडे आणली की घोटाळा होतो, आणि हे पुस्तक लिहिण्याचं कारण तोच घोटाळा आहे. मराठी घरातला संच एका दिवशी जन्माला येत नसे. लाकडी पेटी माहेरून यायची. करंडा सासूनं दिलेला असायचा. फणी जत्रेत घेतलेली, दात मोडले की दुसरी. आरसा फुटला की नवऱ्यानं बाजारातून दुसरा आणून त्याच चौकटीत बसवलेला. पितळ, लाकूड, शिंग, काच, चार जातींच्या चार वस्तू, चार गावांच्या, चार वेगळ्या वर्षांच्या. नक्षी एकमेकींशी जुळत नाही, आणि जुळू नयेच. त्यांना संचपण येतं ते एका बाईच्या रोजच्या हातानं. त्यामुळे जुळणाऱ्या नक्षीच्या मागे लागलेला संग्राहक दोन वेगळ्या पेट्यांतला माल एकत्र करून एक देखणा 'पुरा' संच मांडतो, तेव्हा दोन खरे संच मोडलेले असतात आणि एक खोटा तयार झालेला असतो. बाजारात हे रोज चालतं. विकणाऱ्याला दोष देत नाही, घेणाऱ्याला तेच हवं असतं.

आधी आपली पेटी कशी असते ते सांगतो, कारण शहरातल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांनी ती उघडी पाहिलेली नसेल. तिला फणेरपेटी म्हणत, कुठे नुसतं फणेरं. बेताच्या आकाराची सागवानी किंवा शिसवी पेटी, पितळेच्या पट्ट्या, कोपऱ्यांना फुलं, पुढे कडी. झाकण उलटलं की आतल्या बाजूला आरसा, आणि झाकण मागे कलतं उभं राहील अशी सोय. पाय मुडपून जमिनीवर बसलेल्या बाईच्या तोंडासमोर आरसा यावा असा तो कोन असतो. विलायती आरशाला मूठ लागते, कारण तिकडची बाई खुर्चीवर बसून मोठ्या आरशाकडे पाहते आणि मानेमागचा अंबाडा पाहायला हातातला आरसा मागे धरते. आपल्याकडे पेटी जमिनीवर आणि दोन्ही हात वेणी घालायला मोकळे. एकेका समाजाची बसायची रीत अशी सामानात उतरलेली असते.

पेटीच्या पोटात लहान-मोठे कप्पे. एकात फणी, दोन्ही बाजूंना दात असलेली, एक बाजू विरळ, गुंता सोडवायला, दुसरी दाट, उवा-लिखांसाठी. हे शेवटचं कारण संग्रहालयांच्या पाट्यांवर सहसा लिहीत नाहीत. दुसऱ्यात कुंकवाचा करंडा, तिसऱ्यात मेणाचा. टिकल्या येण्याआधी कपाळाला आधी मेणाचं बोट लावत, त्यावर कुंकू, म्हणजे ते घामानं ओघळत नसे. मेणाच्या करंड्याच्या आत पिवळट थर अजून चिकटलेला असतो. हौशी माणूस पेटी घरी आणल्याबरोबर तो गरम पाण्यानं धुऊन टाकतो आणि वस्तूच्या वयाचा, वापराचा सगळ्यांत चांगला पुरावा गटारात जातो. काजळाची डबी, सुरम्याची सळई, आगवळ नि गोंड्यांचे तुकडे, मोडलेल्या बांगडीचा एखादा काप, तळाशी कुंकवाचा थर. आमच्या भागात कुंकू पंढरपूरचं नाहीतर करमाळा तालुक्यातल्या केमचं.

फण्यांवर पुढे एक अख्खं प्रकरण आहे, म्हणून इथे फक्त एका जातीचा उल्लेख करतो. पितळेची पोकळ फणी. वर मोर किंवा राघूंची जोडी, आणि तिथेच फिरकीचं बूच. त्यातून तेल आत ओतायचं. विंचरताना ते दातांच्या मुळाशी असलेल्या बारीक भोकांतून झिरपतं. कारागिरीत ही वस्तू कुठल्याही विलायती संचाच्या तोडीची आहे. पण तिला जोड नसते, आणि म्हणून 'सेट' शोधणारे तिला बाजूला सारतात.

विलायती संच आपल्याकडे आले ते संस्थानिकांच्या, बॅरिस्टरांच्या, गिरणीमालकांच्या, पारशी नि ख्रिस्ती कुटुंबांच्या घरी. आमचा धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात आणि सोलापूर इंग्रजांच्या मुलखात, म्हणजे तामलवाडीपासून थोडं दक्षिणेला गेलं की राज्य बदलायचं. बाहेरून येणाऱ्या मालावर निजामाची करोडगिरी बसे. बार्शी लाइट रेल्वे 1897 साली सुरू झाली नि 1911 पर्यंत लातूरला पोचली, आणि मुंबईच्या बाजारातला आरसा-कंगवा या बाजूच्या गावांना जवळ आला. त्यात चांदीचे संच थोडेच असणार. जास्त आला तो स्वस्त माल: पत्र्याच्या पाठीचे आरसे आणि सेल्युलॉइडचे कंगवे.

यात ब्रशचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. ब्रशानं केस झाडणं आपल्याकडच्या बाईला ठाऊक नव्हतं. तेल लावलेल्या, कमरेपर्यंत आलेल्या केसांना ब्रश काय करणार? सोलापूर भागात ब्रशाच्या जातीची वस्तू म्हणजे विणकराचा कुंचा. ताण्याला खळ चढवताना तो फिरवत, आणि तो बनवणारी कुंचेकोरव्यांची जातच होती. शिवाय चांगल्या विलायती ब्रशाचे केस रानडुकराचे नाहीतर डुकराचे. हिंदूला नको, मुसलमानाला तर नकोच. मौज अशी की त्या काळी कानपूरहून डुकराचे राठ केस ब्रशांसाठी निर्यात होत होते. म्हणजे इथून गेलेला केस तिकडे चांदीच्या पाठीत बसून परत इथे येई आणि कपाटात पडून राही. जुन्या मराठी घरातून आलेल्या विलायती संचात आरसा झिजलेला, कंगव्याचे दात पडलेले आणि ब्रश मात्र कोरा असेल, तर संशय घेऊ नका. तो संच मराठी घरात नांदला याची ती खूण समजा.

आता जरा अवघड भाग. फणेरपेटी ही सौभाग्याची वस्तू होती आणि सौभाग्य नवऱ्याच्या श्वासावर टांगलेलं होतं. ज्या घरांत विधवेचं केशवपन होई त्या घरांत एका दिवसात फणी निरर्थक होई, करंडा निषिद्ध होई आणि आरशात पाहणं चर्चेचा विषय होई. ज्या जातींत केस काढत नसत तिथेही कुंकू पुसलं जाईच. त्या पेटीचं मग काय व्हायचं? कधी ती लेकीकडे जायची, कधी धाकट्या जावेकडे, कधी करंडा काढून घेऊन उरलेल्या पेटीत सुया-दोरे, औषधाच्या पुड्या, पैशांचा हिशेब. माझ्या मते अर्धवट पेट्यांचा उलगडा पुष्कळदा इथे सापडतो. आरसा शाबूत, कप्पे शाबूत, आणि नेमके दोन करंडे नि फणी गायब असतील तर चोराला दोष देण्याआधी त्या घरातल्या मृत्यूंची वर्षं विचारावीत. विलायती संग्राहकाच्या हिशेबात ही पेटी 'अपुरी' आणि म्हणून स्वस्त. माझ्या हिशेबात ती पुरी आहे, तिच्यात जे नाही त्यासकट.

या अन्यायाला विरोध करणारेही त्याच काळात उभे राहिले. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी सभा घेऊन विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निर्धार केला. ज्याच्या हातानं ते काम होई त्यानंच हात आखडला, हे सुधारणेच्या इतिहासातलं मला सगळ्यांत आवडणारं पान. आणि कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं केला तो 2022 साली. दोन तारखांमध्ये एकशे बत्तीस वर्षं आहेत. या काळातल्या पेट्या आपण जमवतो आहोत, हे विसरून नक्षीचं कौतुक करत बसणं मला जमत नाही.

हा विषय बायकी म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांसाठी दोन हजार वर्षं मागे जातो. लांब जायला नको, आमच्या धाराशिव जिल्ह्यातलंच तेर. तेरणाकाठचं हे गाव म्हणजे 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक ग्रंथात आलेलं तगर, रोमन जगाशी व्यापार करणारं शहर. 1938 साली इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात अमेदेओ मायुरी यांना एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, सुमारे पाव मीटर उंच, अंगावर दागिने, दोन्ही बाजूंना प्रसाधनाचं सामान घेतलेल्या दासी. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेल्या घरात ही भारतीय बाई होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. डोक्यापासून खाली गेलेलं भोक पाहून काही अभ्यासक तिला आरशाची मूठ मानतात, काही छोट्या मेजाचा पाय. तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती सापडल्या त्या जालन्याच्या भोकरदनला आणि आपल्या तेरला. त्यामुळे ती मराठवाड्याच्या बाजूची असावी असं मानणारे पुष्कळ आहेत. मेजाचा पाय ठरला तरी दासींच्या हातातल्या डब्या तिथेच राहतात. शृंगाराचं सामान ही तेव्हाही कोरण्यासारखी, समुद्रापार नेण्यासारखी गोष्ट होती. अजिंठ्याच्या 17 व्या लेण्यात हातातल्या आरशात पाहणारी राणी आहेच, आणि आरसा घेतलेली दर्पणा ही मंदिरांवरच्या सुरसुंदरींतली ठरलेली मूर्ती.

तेरचं हे वैभव आपल्याला पाहायला मिळतं ते एका संग्राहकामुळे. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचे रहिवासी. पावसाळ्यात पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांवरून पाणी वाहून गेलं की मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीच्या बाहुल्या, नाणी उघडी पडत. लोक त्यांना चिखल समजत होते, लामतुऱ्यांनी ते वेचून ठेवलं. पुढे तो हजारो वस्तूंचा संग्रह शासनाकडे आला आणि आज तेरला त्यांच्याच नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. त्याच निजामाच्या राज्यात, त्याच काळात, हैदराबादला तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान जगभरच्या वस्तू विकत घेत होते. त्यांच्या संग्रहाचं वस्तुसंग्रहालय 1951 साली उघडलं. राज्याचे दिवाण राहिलेल्या माणसानं पैशानं जमवलं, गावातल्या माणसानं नजरेनं. दोघांचाही मान राखून सांगतो, मला लामतुऱ्यांची रीत शिकण्यासारखी वाटते, कारण त्यांच्या वस्तूला गाव आहे, टेकाड आहे. 'युरोपातून आणलेली' असं म्हणून ती मोकळी होत नाही.

आणि पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर. या विषयातला आपला खरा पूर्वज. 1896 चा जन्म, 'अज्ञातवासी' नावानं कविता लिहिणारे, घरचा धंदा चष्म्यांचा. साधारण 1920 पासून त्यांनी अडकित्ते, दिवे, वज्री, करंडे, फण्या, पेट्या, दारं, वाद्यं असं सगळं गोळा करायला सुरुवात केली. लहान वयात गेलेल्या राजा या मुलाच्या नावानं त्यांनी संग्रहालय उभं केलं आणि 1975 साली ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलं. वीस हजारांहून अधिक वस्तू. तिथल्या शृंगाराच्या दालनात टाचा घासायच्या वज्री बघाव्यात. मोर, हत्ती, घोडेस्वार, जोडपी. पायाच्या तळव्याला लावायच्या वस्तूवर इतकी कला! ज्या काळात संग्रह म्हणजे तलवारी, बखरी आणि नाणी, त्या काळात केळकरांनी स्वयंपाकघर नि शृंगाराचा कोपरा इतिहासात आणला, ही त्यांची मोठी कामगिरी. माझी एकच तक्रार आहे, आणि ती केळकरांवर नाही, आपल्या सगळ्यांच्या सवयीवर आहे. फण्या एका कपाटात, आरसे दुसऱ्या, करंडे तिसऱ्या, अशी मांडणी आपण सगळेच करतो. जातवारी लागते, तुलना सोपी होते. पण जी बाई हे सगळं एका जागी बसून वापरत होती ती त्या मांडणीत कुठेच उरत नाही.

बाजाराचं सांगायचं तर पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात पेट्या दिसतात. आमच्या भागात त्या दिसण्याआधीच वितळतात. लग्नसराईत नवी भांडी घेताना जुनं पितळ मोडीत घालायचं, ही कासाराच्या दुकानातली जुनी रीत. करंडे, फण्या, पेटीच्या पट्ट्या त्याच तराजूत पडतात. चांदीच्या संचाची गत सराफाकडे आणखी वाईट. भाव किलोला लाखाच्या पुढे गेल्यापासून घराघरांतून आजीच्या वस्तू बाहेर येताहेत, आणि इथे विकणाऱ्याची फजितीही होते. विलायती आरशाची पाठ ही पातळ पत्र्याची असते. ठोकून उठवलेल्या नक्षीच्या मागे राळ भरलेली, मग लाकूड, मग काच. हातात जड लागणारा आरसा फोडल्यावर थोडीशी चांदी निघते. जो आरसा संग्राहकानं जपून ठेवला असता तो मूठभर चांदीसाठी फुटतो. किल्लारीच्या भूकंपाचंही नाव घेतलं पाहिजे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर नि धाराशिव जिल्ह्यातली दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. लोहारा, उमरगा भागात ज्या घरांत अशा पेट्या असतील त्या घरांचं माणसांसकट काय झालं ते सांगायला नको. त्या गावांतून वस्तू मागायला जाणाऱ्यानं आधी हे लक्षात ठेवावं.

काही व्यवहाराच्या गोष्टी प्रस्तावनेतच सांगून टाकतो, कारण लोक पुढची प्रकरणं न वाचताच खरेदीला निघतात.

हस्तिदंत विकत घेऊ नका. मूठ कितीही जुनी असो, विकणारा कितीही सज्जन असो. हस्तिदंताच्या व्यापारावर 1986 पासून वन्यजीव कायद्यात बंदी आहे, आणि वारशानं आलेल्या वस्तूलाही मालकीचा दाखला लागतो. कासवाच्या पाठीच्या कंगव्यांनाही तोच कायदा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला 1972 चा पुरावशेष कायदा लागू होतो, त्यामुळे परदेशातल्या भाचीला आजीची पेटी पाठवण्याआधी चौकशी करावी. हस्तिदंती म्हणून विकलं जाणारं बरंचसं मुळात सेल्युलॉइड असतं. 'फ्रेंच आयव्हरी' या नावाखाली त्यावर सरळ समांतर रेघाही उठवलेल्या असतात. खऱ्या हस्तिदंताच्या छेदावर जाळीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या रेषा दिसतात. सेल्युलॉइड बोटानं जोरात घासलं की कापराचा वास येतो. तापवलेली सुई टोचून पाहण्याची जुनी युक्ती मात्र कुणी सांगितली तरी करू नका. 1870 च्या सुमारास जॉन वेस्ली हायट यांनी बाजारात आणलेला हा पदार्थ कापूर आणि नायट्रोसेल्युलोजचा असतो, आणि तो भडकन पेटतो. जुना झाला की त्यातून वायू सुटतो आणि शेजारची चांदी, पितळ खातो. सेल्युलॉइडचा संच वेगळा, हवेशीर ठेवावा. मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर तर मुळीच नको.

विलायती चांदीवर बारीक ठसे असतात: चालता सिंह म्हणजे साडेब्याण्णव टक्के चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, मुकुट म्हणजे जुनं शेफिल्ड, आणि एक अक्षर वर्षाचं. बर्मिंगहॅम नि शेफिल्डची परीक्षाघरं 1773 ची. शृंगारसंच बहुतेक नांगराचे. 'ईपीएनएस' ही अक्षरं दिसली तर वर नुसता चांदीचा मुलामा आहे.

आरशाची काच बदलू नका, पारा गेला असला तरी. 1835 साली युस्टुस फॉन लीबिग यांनी काचेवर चांदी चढवण्याची रासायनिक रीत दाखवली. त्याआधीचे आरसे कथील नि पाऱ्याचे, आणि ते नंतरही काही काळ बनत राहिले. पाऱ्याच्या आरशात चेहरा किंचित निळसर, करडा दिसतो, चांदीच्या आरशात उबदार. डागाळलेली काच पाहूनच वय सांगता येतं. नवी काच बसवली की तुमच्याकडे जुनी चौकट उरते. आणि पाऱ्याचा आरसा पाठीमागून खरवडू नये, ते विष आहे.

आता राहिली एक विनंती, आणि खरं तर तिच्यासाठीच एवढं लिहिलं. तुमच्या घरात फणेरपेटी असेल आणि ती विकायची असेल तर खुशाल विका. पैशाची गरज कुणाला नसते. पण त्याआधी घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईजवळ पेटी उघडी ठेवून बसा आणि विचारा: ही कुणाची, माहेरची की सासरची, फणी कुठल्या बाजारातली, करंडा पेटीबरोबरचा की नंतरचा, आरसा कधी बदलला, आणि वापर कधी थांबला. ती सांगेल तसं, तिच्याच शब्दांत, एका कागदावर पेन्सिलीनं लिहा. शाई दमटपणानं पसरते. खाली गाव, तालुका, तारीख घाला आणि कागद कप्प्यात ठेवा. तळातलं कुंकू झाडू नका. पुढे ती पेटी कुणाच्याही हातात गेली तरी तो कागद काढून घेऊ नका, एवढं विकत घेणाऱ्यालाही बजावून सांगा.